रोशनबी आणि कारवीचा डोंगर

रोशनबी तीस वर्षं हरसूलच्या आठवडे बाजारात बांगड्या विकत होती. नाशिकहून सकाळच्या एसटीने यायचं, दुपारनंतर उरलेला माल बांधायचा आणि परत निघायचं. समोरचा डोंगर तिने फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेला.

गेल्या सप्टेंबरात तिची जुनी गिऱ्हाईक आशा धापा टाकतच आली. "चाची, ऊठ लवकर! वर कारवी फुललीय. सात वर्षांतून एकदा फुलती, आज नाय पाहिली तर राहूनच जाईल!"

"अगं, पण माझे गुडघे?"

"मी हाय ना!"

रोशनबीने बांगड्यांची पेटी शेजारच्या दुकानात ठेवली आणि आशाचा हात धरून चढायला लागली. चार ठिकाणी बसली, दोनदा घसरली. शेवटचं वळण ओलांडलं आणि ती जागीच थबकली. अख्खा उतार जांभळा झाला होता. फुलं तिच्या खांद्याला लागत होती आणि सगळीकडे मधमाश्या गुणगुणत होत्या.

"या अल्ला! असा रंग माझ्या एका बांगडीला नाय!" ती ओरडली आणि लहान मुलीसारखी फुलांत शिरली.

संध्याकाळची एसटी तिने कशीबशी पकडली. घरात शिरताच सुनेला म्हणाली, "उजमा, उद्या मुलांना घेऊन सगळे हरसूलला जाऊ!"

"उद्या कुठे बाजार आहे, अम्मी?"

"बाजाराला कोण जातंय!"

दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना रोशनबी सगळ्यांच्या पुढे होती.