धुऱ्यापलीकडे पडलेला गोंडा

संग्रामपूरच्या मोतीरामचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, तोही चष्मा पुसून झाल्यावर. देवळातला प्रसादसुद्धा तो आधी हुंगायचा. मूठभर दाणे ओल्या फडक्यात उगवून पाहिल्याशिवाय त्याने कधी पेरलं नाही.

तर शेजारच्या वावरातलं सोयाबीन निघालं, वखर फिरला आणि त्या मोकळ्या रानात त्याचे मालक, रिटायर झालेले भालचंद्र गुरुजी, रोज सकाळी एक लवचिक काठी घेऊन पिवळी दोरी झोकू लागले. दोरी मागे जायची, हवेत सरळ व्हायची, मग सपकन पुढे. टोकाला लाल लोकरीचा गोंडा. तो पडेल तिथे गुरुजी चुन्याची फक्की टाकत. तीस फूट, चाळीस, पन्नास. फक्की दिवसागणिक धुऱ्याकडे, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाकडे, सरकत होती. मोतीराम तुरीत दबून पाहत होता.

"मास्तर मोजनी करून राह्यला," त्याने बायकोला, छायाला सांगितलं.

"दोरी फेकून कोनी मोजते का?"

"चोरून मोजाची तं अशीच. सरकारी मोजनी साऱ्या गावाले मालूम पडते."

"मंग मोजू द्या. तुमाले काऊन धाकधूक?"

मोतीराम चष्मा पुसू लागला. सात वर्षं नांगरताना धुरा जरा जरा कोरत त्याने गुरुजींची दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळींची जागा, आपल्यात ओढली होती. यंदा त्यांवर तूर उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्याने धुऱ्यावरूनच विचारलं, "काय चाललं, गुरुजी?"

गुरुजींनी काठी पाठीमागे लपवली. "काही नाही. खांदा मोकळा करून राह्यलो."

खांदा! मोतीरामची खात्री पटली.

तिसऱ्या दिवशी वारा होता. गोंडा धुरा ओलांडून तुरीत पडला. मोतीरामने तो मुठीत धरला.

"सोड रे, दोरी तुटन!"

"पयले सांगा, मोजून काय करता? दोनच तासं घेतली म्या, तेबी सात वर्षांत!"

गुरुजी धुऱ्याकडे बघतच राहिले. "कोनती दोन तासं?"

मोतीरामच्या पायाखालची ढेकळं सरकली.

"अरे, जावई मले मालवणले समुद्रात मासे धराले नेऊन राह्यला. तिथं वाऱ्यात दोरी साठ फूट गेली पाह्यजे. म्हणून गळाच्या जागी गोंडा बांधून हा सराव." गुरुजींनी आवाज खाली आणला. "आमच्या घरात मासोळीचं नावही चालत नाही. बायकोच्या, सुहासिनीच्या, कानावर गेलं तं जाणं बंद. तू बोलू नको. यंदाची तूर तूच सोंगून घरी ने, मग धुरा सरळ करू."

एवढ्यावर भागलं? मोतीरामला हेच सगळ्यात संशयाचं वाटलं. गोंडा सोडून तो धुऱ्यावर पावलं टाकत फिरला, हद्दीचा जुना दगड शोधला, तुरीच्या ओळी पाहिल्या. परत पाहिल्या. मग कपाळ पुसून ओरडला,

"गुरुजी, दोन नाई, तीन हायेत!"

"ऐकलं! आता बाजूले सरक, दोरी पुन्हा तिकडं येऊन राह्यली."