टिर्र-टिर्र करणारा डबा

साउंडच्या धंद्यात किस्से शोधत जावं लागत नाही. माइक लावा, बाजूला उभे राहा, आपोआप जमतात! मारेगावात माझं आणि वसंताचं भागीदारीत साउंडचं दुकान होतं. कापसाचे दिवस वाईट, कार्यक्रम आटलेले. तरी वसंताने दोघांनी उचलायचा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकून जेवणाच्या डब्याएवढा डिजिटल आणला. आवाज दणदणीत. पण मधूनच तो स्वतःही बोलायचा!

*

पहिलाच कार्यक्रम विहारात. सगळे डोळे मिटून ध्यानाला बसले आणि स्पीकरमधून 'सूंऽऽ' सुरू. भन्तेजींनी एक डोळा उघडला. "आमचं मन शांत झालं. आता तुमचं मशीन शांत करा!"

*

कुणीतरी सांगितलं, अर्थिंग द्या. झरी जामणीकडच्या एका गावात वसंताने जमिनीत सळई ठोकली. जमीन कोरडीठाक, म्हणून बुडाशी पाणी ओतू लागला. एक आजोबा बघत होते. "काहून गा, आमच्या कापसाच्या पऱ्हाटीले पाणी नाही, अन् तू लोखंडाले पाणी देऊन राह्यला?" सूं मात्र थांबलं.

*

मग नवी खोड कळली. जवळपास कुणाचा मोबाइल वाजणार असला, की त्याच्या आधीच स्पीकर 'टिर्र-टिर्र' करायचा. मुकुटबनला ऐन मंगलाष्टकांत टिर्र-टिर्र झालं. सगळे खिसे चाचपू लागले. फोन निघाला भटजींचा! नवरीची आत्या म्हणाली, "घ्या महाराज, पुढच्या लग्नाची पार्टी असन!" तेव्हापासून टिर्र ऐकली की तालुकाभर लोक फोन शोधायचे.

*

हसू यायचं, पण कामं सुटत चालली होती. वसंताची तर झोप उडाली. शेवटी कापूस खरेदी केंद्रावरची सभा मिळाली. कापसाच्या गाड्या चार दिवसांपासून रांगेत, वजनाचा काटा बंद. सभा भरवणारे अण्णा म्हणाले, "आज टिर्र झाली, तर डबा घेऊन घरी जा. पुन्हा बोलावणार नाही."

वसंता इतका घाबरला, की मंचावरच्या आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचे मोबाइल टोपल्यात गोळा करून त्याने लांब नेऊन ठेवले. केंद्राच्या साहेबांकडे मागायची तेवढी हिंमत झाली नाही.

साहेब माइकवर आले. "वरून आदेश आल्याशिवाय काटा सुरू करता येत नाही. आणि विचारणार कसं? माझा मोबाइल सकाळपासून बंद पडलाय."

टिर्र-टिर्र-टिर्र!

वसंताने डोळे घट्ट मिटले. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

पुढच्या रांगेतली एक आजी उठली. "उचला न साहेब, आदेश येऊन राह्यला!"