सुई कुठं टोचायची

दिवस श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारचा, रक्कम पस्तीस हजार, आणि हजर आम्ही चौघे: सांगलीचे डॉक्टर, मी, माझा थोरला भाऊ आणि रक्ताचा कॅन्सर झालेली माझी बायको. स्पिरिटचा वास आला की अजून तीच खोली आठवते आणि डोकं तापतं. सलाइनच्या सुयांनी तिचे दोन्ही हात काळेनिळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, उपचार दोन वर्षं चालतील, तेव्हा दंडातून औषधाची नळी घाला, नाहीतर गळ्याखाली कातडीच्या आत पोर्ट, म्हणजे औषध टोचायची छोटी डबी, बसवा. नळी दर आठवड्याला इथं येऊन साफ करून घ्यावी लागेल, पोर्ट महिन्यातून एकदा. हे सगळं ते भावाकडे बघून सांगत होते. भाऊ म्हणाला, "नळीच घाला. बाईमाणसाच्या छातीवर चिरा कशाला? लोक काय म्हनतील?" आमच्या आटपाडीहून दर आठवड्याला तिला एसटीने कोण आणणार, हे त्याच्या मनातही आलं नाही. मी तोंड उघडणार तोच ती सुजलेला हात पुढे करून म्हणाली, "आवं भावजी, सुया लोकास्नी न्हाई, मला टोचत्यात. पोर्टच बसवा." भाऊ उठला. "मग घरातनं पैसं मिळायचं न्हाईत." आता ती बरी आहे, पोर्टही काढला आहे, आणि भाऊ पाहुण्यांना सांगतो की आम्ही विचार करून पोर्ट निवडला. म्हणून लिहून ठेवतो: पोर्टचे पस्तीस हजार तिच्या दूध संस्थेतल्या बचतीतून दवाखान्याला गेले. आमच्या घरातला एक रुपयाही त्यात नव्हता.