घोंगडंभर पाऊस

चौथीत शाळा सुटली आणि खानदेशातून मी थेट भाटघरच्या धरणावर येऊन पडलो. इंजिनिअरसाहेबांनी पाऊस मोजायचं काम दिलं. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही. सकाळी आठला मापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. एक दिवस चुकला तर घरी पाठवतील, या धास्तीनं मला सातलाच घाम फुटे.

आकड्याशेजारी 'वर्णन' असा रकाना होता. तिथं मी वरच्या वाडीतल्या धनगर मावशींचा शब्द लिही. त्यांचं घोंगडं मेंढवाड्याच्या खुंटावर टांगलेलं असे. खालच्या काठातून पाणी गळलं की 'घोंगडंभर', नुसतं वरून ओलं झालं तर 'बुरंगट'. घोंगडंभर म्हटलं की अख्खी वाडी मेंढरं चढावर हलवी.

भोरातले एक विद्वान मराठीत शास्त्राचं पुस्तक लिहीत होते. ते धरण पाहायला आले, वही चाळली आणि फिस्सकन हसले.

"हे शास्त्र की गुरांचा बाजार? अतिवृष्टी, अल्पवृष्टी असं लिहावं!"

"अतिवृष्टी किती पाण्याला म्हणायची, रावसाहेब?"

"शब्दातच आहे ते. चौथीच ना तुमची?"

किती ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. नळी कधी हातात धरली असेल तर ना! पण भिऊन मी त्यांचेच शब्द लिहू लागलो.

एका सकाळी पाहतो तर मावशींच्या म्हशीनं मापक लोळवलेला. आत थेंब नाही.

साहेब समोर उभे. "रात्री किती झाला? दारं उघडायची का ते ठरवायचंय."

"अतिवृष्टी, साहेब."

"म्हणजे किती?"

गेली नोकरी, म्हटलं, आणि वाडीकडे पळालो.

"मावशी, घोंगडं गळलं का?"

"गळलं का म्हंतोस? मेंढरं कवाच वर न्हेली आमी. घोंगडंभर हाय, लिही जा. रडतोस काय बाप्या असून?"

जुनी पानं काढली. जिथं घोंगडंभर, तिथं आकडा इंचाच्या जरा वर. एकदाही खाली नाही. साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी 'अंदाजे' लिहायला लावलं, तलावाच्या पातळीची पट्टी पाहिली आणि जुळतंय म्हणून मान डोलावली.

"यापुढं त्या बाईंचाच शब्द लिहा."

पुढं विद्वानांचं पुस्तक आलं. पावसाचं पान उघडलं. 'अतिशय वृष्टी ती अतिवृष्टी.' भोरात त्यांना हारतुरे मिळाले. मावशींनी म्हशीला निदान दावं तरी लावलं.