चामड्याची साय

सगळी गल्ली तिच्या नवऱ्याला हळूभाऊ म्हणायची, आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. पायरीवर चप्पल काढणाऱ्याला "हळू", टेबलावर पर्स ठेवणाऱ्याला "हळू", शिंकणाऱ्यालासुद्धा "हळू". जुने बूट, पर्सा, पट्टे साफ करून पुन्हा रंगवून द्यायचे, हे त्यांचं काम. पुढच्या खोलीत ती गिऱ्हाईक सांभाळायची, मागच्या खोलीत हळूभाऊ कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन बसायचे. कापसाला तिने हात लावायचा नाही, हा एकतीस वर्षं जुना कायदा होता. "तुझा हात भांडी घासणारा," हळूभाऊ म्हणायचे. ती भांडी कुणी खरकटी केलेली असायची, ते मात्र सोयीस्करपणे विसरायचे.

या वाक्याचा तिला वीट आला होता. दोन खोल्यांच्या मध्ये नुसती फळी, त्यामुळे आतलं काम तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची. मग साबणाचं फडकं घट्ट पिळून पुसायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. मग स्पिरिटच्या कापसाने जुनी झिलई उतरवायची, कारण झिलई राहिली तर नवा रंग वरच्या वर बसतो आणि आठवड्यात पोपडे धरतो. पण जास्त घासलं तर चामड्याची साय निघते. साय म्हणजे सगळ्यात वरचा गुळगुळीत थर. तो गेला की खाली नुसता भुसभुशीत तंतू, आणि ती साय काही परत धरत नाही.

कधी थांबायचं, एवढंच या कामातलं खरं कसब. झिलई आहे तोवर कापूस सरकतो; ती उतरली की कापूस चामड्याला धरतो आणि बारीक करकर आवाज येतो. धरलं की उचलायचं. हळूभाऊंना ते बोटांना कळायचं, तिला फळीपलीकडून कानांना कळायचं.

बुधवारी सकाळी एक तिशीची बाई भावाच्या दंडाला धरून पायरी चढली. पायांत सपाता, त्यातल्या एकीखाली फडक्याची घडी बांधलेली. तिने पिशवीतून तपकिरी बूट काढले. डाव्याचा तळ उजव्यापेक्षा दोन बोटं जाड होता.

"माझा एक पाय आखूड आहे. हे ज्यांनी बनवले ते आता हयात नाहीत, आणि दुसऱ्या कशात मला दहा पावलंही धड टाकता येत नाहीत," ती म्हणाली. "सोमवारपासून लायब्ररीत टेबल मिळालंय. पहिलीच नोकरी. तिथे काळेच बूट लागतात हो. होतील ना शनिवारपर्यंत?"

"होतील, ताई," हळूभाऊ फळीआडून बाहेर येत म्हणाले. "फक्त हळू ठेवा."

दुपारी आत काम सुरू झालं. बाहेर ती पावत्यांवर तारखा घालत होती आणि एक कान, नेहमीप्रमाणे, आत होता. कापूस सरकला, सरकला, मग करकरला. थांबायला हवं होतं. थांबलं नाही. पुन्हा करकर, त्याच जागी.

"अहो, धरलंय ते!"

"तुला काय कळतंय तिथे बसून?"

"ऐकू येतंय मला. उचला हात."

"आता तू मला शिकवणार?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेले चार-पाच महिने ती बघत होती. तिला हातात धरवत नाही असा गरम कप हे निवांत धरून बसायचे. सदऱ्याच्या गुंड्या लावायला पाऊण तास. डॉक्टरकडे चला म्हणून तिने घसा कोरडा केला, तर म्हणे थंडीने बोटं बधिर होतात. थंडी! अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतानाही यांची आपली थंडी. ती तरातरा आत गेली.

डाव्या बुटाच्या नाकावर, नखाएवढ्या जागेत, साय निघाली होती. वर तंतू पिंजारून उभे राहिले होते.

हळूभाऊंनी आधी कापसाला नावं ठेवली. मग स्पिरिट आता पूर्वीसारखं येत नाही म्हणाले. मग उजेडाला दोष दिला, आणि शेवटी, अर्थातच, मध्येच ओरडणाऱ्या बायकोला.

"झालं सगळ्यांचं?" ती म्हणाली. "मी राहिले होते, माझाही नंबर लागला. आता बोटांचं बोला. लागतं का काही त्यांना?"

हळूभाऊ नुसती बोटं चोळत बसले. एकतीस वर्षांत हा माणूस गप्प बसावा म्हणून तिने काय काय केलं होतं, आणि आज बसला तर ते तिलाच नको झालं. मग त्यांनी बाटली उचलून तिच्या बाजूला सरकवली. 'घे' म्हणाले नाहीत. तेवढं म्हटलं असतं तर जीभ झडली असती का?

ती बसली. पिंजारलेले तंतू तिने चमच्याच्या पाठीने हळूहळू दाबून बसवले, त्यावर मेणाचा पुसट हात फिरवला. मग उजवा बूट घेतला. कापूस वर्तुळात फिरवायचा, एका जागी रेंगाळायचं नाही, मळला की टाकून नवा घ्यायचा. करकर आली की हात आपोआप वर. शेवटी आतल्या कडेला पाण्याचा थेंब टाकला. तो मोत्यासारखा बसून राहिला नाही, अलगद मुरला. झिलई गेली होती, साय जागेवर होती. हळूभाऊ तोवर बाहेर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. काय वैताग आहे हा माणूस, असं तिच्या मनात आलं. त्यांच्याकडे बघवत मात्र नव्हतं.

शनिवारी ताई आली. काळा रंग छान चढला होता. साय गेलेली जागा नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हती, आणि बायको गप्प बसणारच होती. पण हळूभाऊ उठले, डावा बूट स्वतःच उजेडात धरला आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

"ताई, इथली साय गेलीय. माझ्या हातून गेली. बोटांना कळत नाही आता." मग उजवा पुढे केला. "हा हिने केलाय. हा बघा. मलाही असा जमला नसता."

ताईने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि भावाचा हात न धरता दारापर्यंत गेली, परत आली. डाव्याकडे तिने वाकून पाहिलंही नाही. "उभं राहता येतंय," ती हसून म्हणाली. "मला एवढंच हवं होतं."

ताई गेली. हळूभाऊ उगाच पावत्या सारख्या करत बसले.

ती आत गेली आणि बाटलीचं बूच घट्ट बसवू लागली. तोंडावर एक शब्द बोलला नाही हा माणूस. एकतीस वर्षं भांड्यांवरून टोमणे मारले, आणि हात चांगला आहे हे सांगितलं ते कुणाला, तर परक्या बाईला, एका दमात. तिला संताप आला. मग रडू आलं, आणि त्या रडण्याचाही संताप आला.