कोपर अंगालगत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली, आता सांगायची सोयही नाही — आणि ज्या मुलांना मी वर्षानुवर्षं बॅट धरायला शिकवली त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच बजावून ठेवतो — मध्येच 'असू द्या हो, तरुणपणी होतं असं' म्हणू नका. मला ते ऐकायचं नाही. मी पुष्कळांना ते म्हटलंय आणि दर वेळी खोटं म्हटलंय.

आमच्या नगरात टेबल टेनिस खेळणाऱ्या जुन्या मंडळींना विचारा. पेनासारखी बॅट धरून डावीकडचा चेंडू कुणी मारावा, तर तो भाऊसाहेबांनीच, असं ते सांगतील. भाऊसाहेब म्हणजे मी. या पकडीत उजवी बाजू तलवारीसारखी चालते, पण डावी बाजू पांगळी असते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात दांडा धरलेला, उरलेली तीन बोटं बॅटच्या पाठीला — अशा हाताने डावीकडचा चेंडू मारायचा तर हात उलटा पिळावा लागतो. मी त्यावर तोड काढली. ती माझ्या नावावर आहे, आणि ती माझीच आहे, कुणाची चोरलेली नाही. माझा गुन्हा चोरीचा असता तर बरं झालं असतं.

लढाईची वर्षं होती. भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात मी कारकून होतो. दुपारच्या सुटीत आम्हा सिव्हिलियन लोकांना पत्र्याची एक खोली मोकळी मिळे. तिच्यात गोऱ्यांच्या मेसमधून टाकून दिलेलं एक टेबल होतं. आम्ही त्या खेळाला पिंगपाँग म्हणायचो. हरला त्याने बॅट खाली ठेवायची, जिंकला त्याने टेबल सोडायचं नाही — असा आमचा रिवाज. मी टेबल सोडत नसे. सुटीभर लोक एकामागून एक यायचे, हरायचे आणि माझी वाहवा करत भाकरी खायला बसायचे. मला ती वाहवा लागायची. चहा लागतो ना, तशी.

मग योहान आला.

त्याचे आजोबा कोल्हारचे, मिशनमध्ये ख्रिस्ती झालेले. बाप रंगूनला छापखान्यात लागला, योहान तिथंच वाढला. रंगून जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा ही माणसं पायी निघाली. बाप वाटेत गेला. योहान आणि त्याची आई पोचली, पण योहानचा गुडघा कायमचा अधू झाला. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात तो ट्रेसर म्हणून आला होता. नकाशावर पातळ कापड टाकून शाईने रेघ न् रेघ उतरवायची, असं ते काम. नोकरी तात्पुरती होती. साहेब हाताची परीक्षा घेणार, रेघ स्थिर आली तर कायम, नाहीतर घरी. मायलेकरं त्या पगारावर जगत होती. हे मला माहीत होतं. माझं लिहायचं टेबल साहेबांच्या दाराशीच होतं, मला सगळंच माहीत असायचं.

त्याने पहिल्या दिवशी बॅट पेनासारखी धरली तेव्हा सगळ्यात आधी हसलो तो मी. 'काय रे, अर्ज लिहितोस का?' म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. रंगूनला चिनी दुकानदारांची मुलं अशीच खेळतात, म्हणाला. आणि मग त्याने उजव्या बाजूने असा एक चेंडू मारला की मला तो दिसलाच नाही, नुसता ऐकू आला.

मला त्याचा राग आला. एका जागी उभं राहून मारलेला चेंडू असा जातोच कसा? आणि तो मारणारा हा — कुठल्या गावचा, कुणाचा कोण — याने माझ्या टेबलाशी उभं राहावं? हो, जातीचाही राग होता. झाकून काय करू? तो माझ्याच वयाचा होता, तरी मी त्याला 'तू' म्हणायचो आणि तो मला 'तुमी'. हे दोघांनाही बरोबरच वाटायचं.

तरी मी त्याला हरवायचो, कारण डावी बाजू. पेनाच्या पकडीचे खेळाडू डावीकडचा चेंडू मारत नाहीत, ते पळून त्याच्या बाहेर जातात आणि उजव्या बाजूनेच मारतात. याचा गुडघा पळू देत नव्हता. मी डावीकडे टाकायचो आणि तो तिथंच अडकायचा. लोक आता माझी वाहवा करताना त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, याच्या पायात जोर असता तर! माझ्या विजयात हा 'तर' घुसला. तुम्ही कधी जिंकून हरला आहात? मी रोज हरत होतो.

एक दिवस तो माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊसाहेब, तुमची डावी बाजू लई चांगली हाय. मला शिकवता का?"

तो दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर? पण तो माझ्याकडेच आला. मी हो म्हणालो.

आता लहान लहान पापं आधी सांगून टाकतो. लढाईत नवे चेंडू मिळत नव्हते. फुटलेल्या चेंडूंचे तुकडे आम्ही थिनरमध्ये विरघळवायचो आणि त्या चिकट रसाने दुसऱ्या चेंडूच्या भेगा सांधायचो. सांधलेला चेंडू जड होतो, नीट उसळत नाही, त्याला पलीकडे ढकलायला मनगटाला हिसका द्यावा लागतो. नव्या चेंडूंचा डबा माझ्या ताब्यात होता. योहानला शिकवताना मी तो कधीच उघडला नाही. सरावाला सगळेच सांधलेले चेंडू घेत, त्यामुळे त्याला शंका आली नाही. बघा, इथं थांबता आलं असतं. चेंडू लपवला, एवढीच कबुली देऊन मी चांगला म्हातारा ठरलो असतो. मघापासून मी तेवढंच सांगून उठायचा विचार करतोय.

पण ते नाही. ते दुसरं आहे.

शिकवायचं कबूल केलं त्या संध्याकाळी मी घरी भिंतीसमोर उभा राहिलो आणि त्याच्यासारखी बॅट धरून बघितली. हे मात्र मी प्रामाणिकपणे केलं — शिकवायचं म्हणून नाही, याची डावी बाजू कधी सुधारू शकेल का ते जाणून घ्यायचं म्हणून. काही दिवस काही जमेना. मग एकदा सहज कोपर अंगापासून सुटलं, पुढे गेलं, अंगठा ढिला पडला — आणि बॅटचं तोंड आपसूक वळलं. मनगट पिळावंच लागलं नाही. ताकद दंडातून सरळ चेंडूत गेली. भिंतीवरून चेंडू असा परतला की मी मोठ्याने हसलो. जन्मात मला इतका आनंद क्वचित झाला असेल. आणि त्या आनंदातच मी ठरवलं, हे त्याला सांगायचं नाही.

सांगायचं नाही, एवढंच ठरवलं असतं तरी चाललं असतं, नाही का? प्रत्येकाला आपलं गुपित ठेवायचा हक्क असतो. मी त्याला उलटं सांगितलं. कोपर अंगालगत ठेव. बरगडीला चिकटव. अंगठा घट्ट आवळ, मनगट मोड, आणखी मोड. तो गुडघा सावरत माझ्यासमोर उभा राहायचा, कोपर बरगडीला दाबून धरायचा, आणि तो जड चेंडू हिसक्याने पलीकडे घालायचा. चेंडू जायचासुद्धा! वाईट शिकवण्यातही थोडं यश द्यावं लागतं, नाहीतर शिकणारा सोडून जातो. मी 'वा!' म्हणायचो. तो खूश व्हायचा. इतका विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा राग येतो हो. मला यायचा.

पुढे त्याचा अंगठा मुळाशी सुजायला लागला. ट्रेसरची लेखणीही त्याच अंगठ्याने आणि त्याच बोटाने धरतात. मला ते दिसत होतं. साहेबांची परीक्षा तोंडावर आली होती, तेही मला माहीत होतं. एका दुपारी त्याने बॅट टेबलावर ठेवली, हात पाण्याच्या माठाला लावून गार केला आणि विचारलं, "लई ठणकतंय, भाऊसाहेब. ऱ्हाऊ द्यावं का थोडं दिस?"

इथं काही गुपित उरलं नव्हतं. खेळ उरला नव्हता. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "दुखतंय म्हणजे हात बसतोय. आता सोडलंस तर सगळं वाया."

त्याने बॅट उचलली.

वर्कशॉपाचे वार्षिक सामने आले. साहेब खुर्ची टाकून बसले. शेवटचा सामना त्याचा आणि माझा. मी नवा चेंडू काढला. तो हलका, चपळ चेंडू त्याच्या हिसक्याने थेट पत्र्याला जाऊन लागायला लागला. लोक हसले. त्याच्या उजव्या बाजूतही जोर उरला नव्हता, हात दुखत होता. मी जिंकतच होतो, आणखी काही करायची गरज नव्हती. पण मला पोट भरल्यासारखं वाटेना. तेव्हा शेवटच्या डावात मी बॅट हातात फिरवली, त्याच्यासारखी पेनागत धरली आणि डावीकडे आलेला चेंडू कोपर पुढे काढून मारला. मग पुन्हा एकदा मारला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबसुद्धा 'वेल प्लेड' म्हणाले.

योहान चेंडूकडे बघतच नव्हता. तो माझ्या कोपराकडे बघत होता.

सामना संपल्यावर हात मिळवायला तो टेबलाला वळसा घालून आला. डावा हात पुढे केला. अगदी हळू, माझ्यापुरतंच बोलला, "कोपर भाईर ठिवायचं हुतं व्हय."

प्रश्न नव्हता तो. शिवी दिली असती तर मी त्याला दुप्पट शिवी घातली असती, आणि आमची तिथंच फिट्टंफाट झाली असती. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. तेव्हा मला वाटलं, हा मोठेपणा मिरवतोय. आजही तसंच वाटतं. त्या गप्प बसण्याबद्दल मी त्याला कधी माफ केलं नाही. हसू येतंय ना तुम्हाला, माफी कुणी कुणाला करायची ते ऐकून? हसा.

त्याच आठवड्यात साहेबांनी ट्रेसिंगची परीक्षा घेतली. योहानची रेघ थरथरली. महिनाअखेरीस त्याला कामावरून कमी करायचं ठरलं.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सांगून संपलं. मलाही वाटलं होतं, इथवर आलो की सुटेन. पण अजून एक सकाळ राहिली आहे.

योहानची आई माझ्या घरी आली. त्याला न सांगता आली होती. पायरीवर उभी राहिली, आत ये म्हणायचं मला सुचलं नाही — खोटं, सुचलं होतं, म्हटलं नाही. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली, "त्यो म्हनतो, भाऊसाहेबांनी माज्यावर लई मेहनत घेतली. म्हनून आले. साहेबाच्या कानावर घाला की, पोराचा हात सुजलाय, बरा झाला की रेघ नीट ईल. तुमचं ऐकत्यात ते."

साहेब माझं ऐकत होते. ते खरंच होतं. सामन्यापासून तर जास्तच ऐकत होते. हात बरा होईस्तोवर थोडी मुदत द्या, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. चूक कबूल करायची नव्हती, डाव्या बाजूचा विषयही काढायचा नव्हता. आणि मुलगा आईशी काय बोलला होता ते तर तुम्ही ऐकलंतच — सगळं समजल्यावर बोलला होता.

मी म्हणालो, "बघतो."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. 'देव तुमचं भलं करो' म्हणाली आणि भिंगारच्या बाजाराच्या दिशेने निघून गेली. मी आत जाऊन चहा प्यायलो. चहा चांगला झाला होता.

मग ऑफिसात गेलो. साहेब आले, माझ्या टेबलापाशी थांबले. सामन्यानंतर ते रोज थांबायचे, दोन शब्द बोलायचे. ड्रॉइंग ऑफिसचं दार उघडं होतं. आत योहान लेखणी डाव्या हातात घेऊन काहीतरी गिरवून बघत होता. साहेबांची नजर तिकडे गेली, मग माझ्याकडे आली. काही सांगायचंय का, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी आपणहून विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही, साहेब."