वर्दी धुणार नाही
सरकारी धुलाईखान्यात इस्पितळाच्या चादरी आणि पोलिसांच्या वर्द्या एकाच छपराखाली धुतल्या जात. तिथल्या इस्त्रीच्या टेबलापाशी मावशींनी उभी हयात काढली. जीभही इस्त्रीसारखीच तापलेली, म्हणून पाठीमागे सगळ्या त्यांना ‘कडक मावशी’ म्हणत.

सरकारने निवडणूक पुन्हा पुढे ढकलली आणि शहर बंद पडलं. बसवाले थांबले, शाळा थांबल्या. धुलाईखान्यात संप करायचा की नाही यावर नुसतीच वादावादी चाललेली. मावशी वैतागून म्हणाल्या, “चादरी धुवायच्या. आजाऱ्यांनी आपलं काय घोडं मारलंय? वर्द्यांना मात्र हात लावायचा नाही.”

युनियनच्या सेक्रेटरीने तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या.

मावशींचा धाकटा भाऊ पोलिसात शिपाई. आई गेल्यावर मावशींनीच वाढवलेला. तो एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. वर्दी घामाने आंबलेली.

“ताई, घरची म्हणून एवढी एक तरी धू.”

“भाऊ म्हणून जेवायला बस. वर्दी बाहेर ठेव.”

वर्दी बाहेर ठेवून तो जेवला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, “उद्या लाठीचा हुकूम आहे. तू असशील मोर्चात?”

“पहिल्या रांगेत.”

दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला. त्याने लाठी रस्त्यावर ठेवली. शेजारच्याने ठेवली, मग अख्ख्या रांगेने. कुणाचं नाकही फुटलं नाही. आठवड्याच्या आत सरकारने राजीनामा दिला. मावशी चारचौघांत पहिल्यांदाच रडल्या.

नव्या सरकारात सेक्रेटरी मंत्री झाला. लाठीचा हुकूम देणाऱ्या पोलीसप्रमुखाने टोपी फिरवली आणि खुर्ची राखली. त्या रांगेतल्या शिपायांना मात्र हुकूम मोडला म्हणून घरी बसवलं.

मावशी तडक मंत्र्याकडे गेल्या. त्याने चहा मागवला, पायाही पडला.

“मावशी, तुमच्यामुळे आम्ही इथे आहोत. पण विचार करा, ज्यांनी एका सरकारचं ऐकलं नाही, ते आमचं तरी कशावरून ऐकतील?”

“ऐकू नये असं काही सांगणार आहात का?”

मंत्र्याने घड्याळाकडे पाहिलं. चहा तसाच सोडून मावशी उठल्या.

भाऊ एका गोदामावर राखणदार झाला. एकदा तो शांतपणे म्हणाला, “तू संप केलास आणि परत कामाला लागलीस. माझं काय?” त्यानंतर त्याचं येणं बंद झालं.

पुढच्या निवडणुकीला त्या स्वतः त्याच्या घरी गेल्या. “चल, मत देऊन यांनाही घालवू.”

“तू घालव, ताई. नवे येतील, त्यांनाही हुकूम ऐकणारेच शिपाई लागतील.” त्याने दार लोटून घेतलं.

मावशी एकट्याच रांगेत उभ्या राहिल्या. मंत्री दणदणीत मताधिक्याने पुन्हा निवडून आला. भावाकडे त्या परत गेल्या नाहीत. जाऊन सांगणार तरी काय?